आधी तपासणी, मग पाना
(घरची जुनी मोटार दुरुस्त करायला शिकणाऱ्यांसाठी एक पाठ)



काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, गौलीगुडा, शाहअली बंडा या भागांत आपल्या समाजाची घरे कित्येक पिढ्यांची आहेत. यांतल्या काही घरांत जिन्याखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये कापड घालून झाकलेली एखादी जुनी मोटार आजही उभी दिसते. आजोबांनी हौसेने घेतलेली ती गाडी त्यांच्या मागे कुणी चालवलेली नसते. भंगारवाला अधूनमधून भाव विचारून जातो. घरातील मोठी माणसे म्हणतात, "देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल." आणि नववी-दहावीतला किंवा कॉलेजातला एखादा मुलगा, एखादी मुलगी म्हणते, "मी दुरुस्त करून पाहू का?"

हा पाठ त्या मुलासाठी व मुलीसाठी आहे, आणि त्यांना हो म्हणावे की नाही अशा विचारात पडलेल्या पालकांसाठीही आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, जुनी मोटार ही घरबसल्या मिळालेली प्रयोगशाळा आहे, पण ती शिकवते एका अटीवर. दोष सापडल्याशिवाय काही उघडायचे नाही, आणि कोणते काम आपले व कोणते उस्तादाचे, हे आधी ठरवायचे. ही अट पाळली तर गाडीही वाचते आणि शिकणाराही सुरक्षित राहतो.

जुनीच गाडी का?

आजच्या मोटारीचे बॉनेट उघडले तर वर प्लास्टिकचे झाकण दिसते. त्याखाली काय चालले आहे ते संगणकाला विचारावे लागते. जुन्या गाडीत मात्र पेट्रोल कोठून येते, ठिणगी कोठे तयार होते आणि पाणी कोठून फिरते, हे सारे बोटाने दाखवता येते.

आपल्याकडे अशा गाड्यांत सर्वांत अधिक ओळखीची म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने तेथे १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' ही गाडी बनू लागली. १९७० च्या दशकात तिचे नाव आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी' झाले. चार सिलिंडरचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढे, गती मागच्या चाकांना, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, अशी तिची साधी रचना आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती बनत राहिली.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे या गाडीचे सुटे भाग आणि तिचे जाणकार मिस्त्री देशभर टिकून होते. मुंबईत अशी शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या म्हणजे रोजचे गिऱ्हाईक गेले, आणि गिऱ्हाईक गेले की सुटे भाग व त्यांतले जाणकार दोन्ही हळूहळू कमी होतात. म्हणून ज्यांना शिकायचे आहे त्यांनी ते आताच शिकलेले बरे.

शिक्षण कमी आहे म्हणून यंत्र समजत नाही, असेही नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले होते. त्यांनी १९४९ साली आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे अनेक वर्षे तो सुधारत नेला. 'मीरा' नावाची ही गाडी बाजारात येऊ शकली नाही, पण एका माणसाच्या चिकाटीची ती साक्ष आहे. आपल्या शहरात बहादूरपुऱ्याला सुधा कार्स म्युझियम आहे. तेथे के. सुधाकर यांनी हाताने घडवलेल्या, बॅटच्या, पुस्तकाच्या, बुटाच्या आकाराच्या चालत्या गाड्या पाहायला मिळतात. त्यांना या कामाचा नाद शाळकरी वयातच लागला.

पाना उचलण्यापूर्वी

पहिल्या दिवशी हत्यारांना हात लावू नये. एक वही, एक बॅटरी म्हणजे टॉर्च, आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर एवढेच घ्यावे.

सर्वांत आधी गंज पाहावा. जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी लोखंडी चौकट असते व तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फियाटच्या या गाडीला अशी वेगळी चौकट नाही. तळाचा पत्रा, बाजूच्या पट्ट्या आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणजे तळाचा पत्रा सडला तर तो नुसता पत्रा सडलेला नसतो, गाडीचे हाडच सडलेले असते. दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या सीटखालचा तळ आणि मागच्या कमानींच्या पाट्यांची टोके जेथे बसतात त्या जागा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच दाबून पाहाव्यात. पत्रा टणक वाजला तर ठीक. टोक आत गेले तर तो भाग वहीत लिहावा आणि वेल्डिंगच्या जाणकाराला दाखवावा. सांगाडाच जागोजागी सडला असेल तर गाडी रस्त्यावर आणण्याचा नाद सोडून तिच्या इंजिनावरच शिकावे. असे सांगणे जिवावर येते, पण गंजलेल्या गाडीत घरच्या माणसांना बसवण्यापेक्षा ते बरे.

दुसरे म्हणजे कागदपत्रे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला नेऊन दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. याचे शुल्क केंद्र शासनाने १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढवले आहे. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसांच्या नावे करण्याचे कामही आधी करावे लागेल. ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम झाले. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. खर्च करण्यापूर्वी पालकांनी हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर मांडावा.

तिसरे म्हणजे वही. जे सोडवाल त्याचे आधी चित्र काढा किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्या. प्रत्येक वायरीला कागदी पट्टी चिकटवून नंबर द्या. नट-बोल्ट ज्या भागाचे त्याच भागाच्या नावाच्या डबीत ठेवा. चहाच्या जुन्या डब्या आणि काड्यापेट्या यासाठी उत्तम.

पाच नियम : यांत सूट नाही

१. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली काम करायचे तर सपाट, टणक जमिनीवर गाडी पक्क्या लोखंडी स्टँडवर टेकवावी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून उटी लावावी, आणि मोठे माणूस जवळ असावे. विटा रचून त्यावर गाडी टेकवू नये. वीट फुटते तेव्हा आधी सांगत नाही.

२. बंद शेडमध्ये इंजिन चालू करायचे नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. गुंगी येते आणि माणसाला कळतही नाही. गाडी ढकलून अंगणात आणावी, मगच इंजिन सुरू करावे.

३. पेट्रोल नळीने तोंडाने ओढायचे नाही. ही पद्धत सर्रास दिसते, पण पेट्रोल फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. हातपंप स्वस्तात मिळतो. काम करताना उदबत्ती, विडी, चालू स्टोव्ह काहीही जवळपास नको. वाळूची बादली हाताशी असावी.

४. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक, जोडताना ते शेवटी. या गाडीत ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. धन टोक सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते. आधी ऋण टोक सुटलेले असले की हा धोका राहत नाही. काही फार जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला असते, तेथे क्रम उलटा. कोणती वायर बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहूनच हात घालावा.

५. हातात अंगठी-कडे नको, गळ्यात ओढणी किंवा मफलर नको, केस मोकळे नकोत. फिरता पंखा आणि पट्टा कुणाची ओळख ठेवत नाहीत.

हत्यारे किती?

सुरुवातीला थोडीच घ्यावीत : मिलिमीटर मापाचे फिक्स आणि रिंग पाने, प्लग पाना, चपटा व चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पकड, फिलर गेज, आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प. राणीगंज आणि जामबाग-पुतलीबावलीच्या भागात सुट्या भागांची व हत्यारांची दुकाने आहेत. सुटा भाग आणायला जाताना जुना भाग पिशवीत घालून न्यावा. नुसत्या नावावर मागितलेला भाग आणि गाडीत बसणारा भाग यांत पुष्कळदा फरक निघतो.

पान्याच्या बाबतीत विज्ञानाच्या पुस्तकातील एक गोष्ट आठवा. फिरवण्याचा जोर म्हणजे लावलेले बल गुणिले अंतर. २० सेंटिमीटरच्या पान्याला पाइप जोडून त्याची लांबी ६० सेंटिमीटर केली तर तेवढ्याच हाताने तिप्पट जोर लागतो. गंजलेला बोल्ट त्यामुळे सुटण्याऐवजी तुटतो. त्याला रात्रभर गंज सोडवणारे तेल पाजावे, सकाळी पाना लावावा. स्पार्क प्लग बसवतानाही पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत. इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर तिरका गेलेला पोलादी प्लग त्याचे आटे खाऊन टाकतो.

गाडी सुरू होत नाही : तीन प्रश्न

समजा, दोन-तीन वर्षे उभी असलेली गाडी आहे. नवीन बॅटरी बसवली, सेल्फ मारला, इंजिन फिरते पण सुरू होत नाही. येथे नवशिका काय करतो? प्लग बदलतो, मग कॉइल बदलतो, मग कार्बोरेटर सोडतो. पैसे जातात आणि गाडी तशीच राहते. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्याने, सुरू झालीच तरी कशामुळे झाली ते कळत नाही. म्हणजे शिकणे झालेच नाही.

पेट्रोल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : सिलिंडरमध्ये दाब, योग्य वेळी ठिणगी आणि हवेत मिसळलेले पेट्रोल. एकेक प्रश्न विचारत जावे.

*पहिला प्रश्न : इंजिन मोकळे आहे का, दाब आहे का?* खरे तर सेल्फ मारण्यापूर्वीच हे पाहायला हवे. आधी इंजिनातील तेल व पाणी पाहावे. नंतर चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडावे व रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. अडकत असेल तर जोर करू नये, उस्तादाला बोलवावे. मोकळे फिरत असेल तर इग्निशन कॉइलची जाड वायर काढून ठेवावी, एकाने प्लगच्या भोकावर अंगठा ठेवावा व दुसऱ्याने क्षणभर सेल्फ मारावा. अंगठा बाहेर फेकला गेला तर दाब आहे. चारही भोकांवर साधारण सारखाच जोर जाणवला पाहिजे.

काढलेले प्लग फेकू नका, ते वाचा. टोक फिकट तपकिरी व कोरडे असेल तर इंजिन चांगले जळत होते. काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त जात होते. तेलकट असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल येत आहे. आताच सेल्फ मारून काढलेला प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे आणि बहुधा ठिणगी पडत नाही.

*दुसरा प्रश्न : ठिणगी पडते का?* हा प्रयोग पेट्रोलचा वास येत असताना करू नये. राहिलेले प्लग जागेवर बसवून भोके बंद करावीत. एक प्लग वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडावर, प्लगच्या भोकापासून व कार्बोरेटरपासून दूर, टेकवून ठेवावा. हातात धरू नये. मोठ्या माणसाने सेल्फ मारावा. निळसर, टणत्कार करणारी ठिणगी दिसली तर उत्तम. पिवळी, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावे. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत हाच 'डेल्को'.

आत दोन छोटे धातूचे टिकले दिसतील, तेच 'पॉइंट'. ते मिटले की कॉइलमधून प्रवाह वाहतो व तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळते, आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तोच प्लगच्या फटीत ठिणगी होऊन पडतो. हे किती वेळा होते याचे गणित करा. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. म्हणजे एका फेरीत दोन ठिणग्या. मिनिटाला ३००० फेऱ्या असतील तर ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००! दर सेकंदाला शंभरदा उघडझाप करणारे टिकले झिजणार, खड्डे पडणार, हे ओघानेच आले. गाडी उभी राहिली तर त्यांवर गंजाचा पातळ थर चढतो आणि तेवढ्यानेही प्रवाह अडतो.

चावी बंद ठेवून, बारीक पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटमधून दोन-चारदा ओढावी, मग स्वच्छ कोरड्या कागदाने पुसावे. पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तेथपर्यंत इंजिन हाताने फिरवून फट मोजावी. अशा गाड्यांत ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. वायरी काढल्या असतील तर त्या जुळवताना फियाटच्या या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे हे ध्यानात ठेवावे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी 'मिसिंग' मारते, कार्बोरेटरमधून फटाके वाजतात, आणि दोष मात्र दुसरीकडेच शोधला जातो.

*तिसरा प्रश्न : पेट्रोल येते का, आणि कसले येते?* उभ्या गाडीतील पेट्रोल शिळे होते. त्याला वार्निशसारखा वास येतो आणि त्याचा चिकट राळेसारखा थर कार्बोरेटरच्या केसासारख्या बारीक जेटमध्ये बसतो. जुने पेट्रोल पूर्ण काढावे. ते गटारात ओतू नये, नेहमीच्या गॅरेजवाल्याला विचारून त्याची व्यवस्था करावी. जेटमध्ये तार किंवा सुई घालू नये, भोक मोठे झाले की माप बिघडते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब पुरतो.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पॅकिंग त्या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बोटांनी दाबून पाहावी आणि संशय आला तर इथेनॉलला टिकणारी नवी नळी घालावी. गरम इंजिनावर गळणारे पेट्रोल हे आगीचे आमंत्रण असते. ठिणगी पडत नाही तर गाडी फक्त उभी राहते, पण ही नळी फाटली तर गाडी जळते.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिली की दोष कोठे आहे ते बहुतेक वेळा आपोआप समोर येते. मग एकच गोष्ट दुरुस्त करावी व पुन्हा सेल्फ मारून पाहावे.

हैदराबादचे ऊन आणि बोअरचे पाणी

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा वेळी जुनी गाडी गर्दीत बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. यात भुताटकी नाही. इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप द्रवाऐवजी वाफच ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. गाडी सावलीत उभी करून बॉनेट उघडावे आणि थंड होऊ द्यावी. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय यासाठीच आहे. नळी गरम सायलेन्सरच्या फार जवळून गेली असेल तर ती दूर सरकवून बांधावी.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. शहराच्या पुष्कळ भागांत ते जड असते. पाण्याच्या हंड्यात जसा पांढरा थर धरतो तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, आणि पाणी फिरेनासे होते. शुद्ध पाणी व कूलंट यांचे पुस्तिकेप्रमाणे मिश्रण घालावे. गरम गाडीच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी उकळत तोंडावर येते.

ब्रेक : येथे हात आवरावा

आतापर्यंतच्या कामात चूक झाली तर गाडी सुरू होणार नाही, एवढेच. ब्रेकच्या कामात चूक झाली तर गाडी थांबणार नाही. म्हणून नवशिक्याने ब्रेक समजून घ्यावेत, पाहावेत, पण एकट्याने उघडू नयेत.

तत्त्व तुमच्या पुस्तकातलेच, पास्कलचे. पायाने दाबलेल्या पेडलचा दाब तेलातून सर्व दिशांना सारखा पोहोचतो आणि चाकांतील छोटे पिस्टन ब्रेकचे जोडे ड्रमवर दाबतात. जुन्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांसाठी हा तेलाचा मार्ग एकच असतो. त्यामुळे एका चाकाकडे गळती झाली तरी चारही चाकांचे ब्रेक जाऊ शकतात. आजच्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग असतात, तशी सोय येथे नाही.

तुम्ही दोन गोष्टी तपासू शकता. गाडी उभी असताना पेडल दाबून अर्धा मिनिट तसेच धरा. ते हळूहळू खाली जाऊ लागले तर तेल कोठेतरी निसटते आहे. पेडल स्पंजासारखे लागले तर तेलात हवा शिरली आहे. दोन्ही बाबतीत गाडी जागची हलवू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे उभ्या गाडीतील जुने तेल काढून नवे भरावेच लागते. त्या टाकीत चुकूनही इंजिन ऑइल घालू नये, त्याने आतील रबरी सील फुगून निकामी होतात. जुन्या ब्रेकच्या जोड्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचे. ड्रममधील धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

उस्तादाजवळ कसे शिकावे

निजामाच्या काळी, १९३२ साली, येथील रेल्वे खात्याने सरकारी बससेवा सुरू केली, तेव्हापासून तरी या शहरात मोटारींची दुरुस्ती हा एक मोठा धंदा आहे. तो बहुतांशी उस्ताद आणि शागीर्द या नात्याने पुढे गेला. उस्तादांजवळ छापील पुस्तक नसते, पण इंजिनाचा आवाज ऐकून व्हॉल्व्हची फट वाढली आहे की बेअरिंग बोलते आहे, हे ते सांगतात. आपल्या घरांतून या कामाकडे 'हात काळे करण्याचे काम' म्हणून पाहिले जाते. आम्हांला ते पटत नाही. जी मुले भौतिकशास्त्रात पास्कल आणि फॅरेडे पाठ करतात, त्यांनी ते नियम रोज हाताने वापरणाऱ्या माणसाला 'उस्ताद' म्हणून आदराने विचारावे, यात कमीपणा कसला?

उस्तादांना घरी बोलावताना आपली वही समोर ठेवावी : काय तपासले, काय दिसले, काय बदलले. ज्याने तपासणी केली आहे त्याला उस्ताद मनापासून सांगतात. ब्रेक, स्टिअरिंग, वेल्डिंग आणि इंजिन पूर्ण खोलणे ही कामे त्यांच्यावर सोपवावीत व आपण शेजारी उभे राहून दिवा धरावा. दिवा धरणाऱ्याला सर्वांत चांगले दिसते. त्यांच्या वेळेचे पैसे न कुरकुरता द्यावेत. बोलता बोलता सांगितलेली माहितीही त्यांच्या कष्टाची कमाई आहे.

रस्त्यावर नेण्यापूर्वी

गाडी अंगणात सुरू झाली की घरात पेढे वाटावेत, पण फाटक उघडू नये. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि दिवे उस्तादांनी तपासून पाहावेत. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षे उभ्या टायरचे रबर तडकलेले असते. नोंदणी चालू असावी, विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र असावे. आणि चालवणारा परवानाधारक असावा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा पालकांना जबाबदार धरतो. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. दुरुस्त करायला वयाची अट नाही, चालवायला आहे.

सर्व करूनही गाडी रस्त्यावर आली नाही, सांगाडाच गेलेला निघाला, तर श्रम वाया गेले असे मानू नये. दोष शोधण्याची जी शिस्त अंगी बाणते ती पाण्याच्या मोटारीला, सायकलला, संगणकाला, पुढे डॉक्टर किंवा इंजिनिअर झाल्यावर त्या त्या कामालाही लागू पडते. आधी पाहणे, मग विचारणे, मग एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहणे. ही सवय ज्याला लागली त्याच्या हाती कोणतेही यंत्र निर्धास्तपणे द्यावे.

स्वाध्याय

१. इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्या घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला किती ठिणग्या पडतील?

२. बॅटरीचे ऋण टोक आधी का सोडवावे? आकृती काढून विद्युत् मार्ग दाखवा.

३. घरातील एखादे बंद पडलेले साधे यंत्र घ्या. त्याला चालायला कोणत्या गोष्टी लागतात त्यांची यादी करा आणि एकेक तपासून वहीत लिहा. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, विजेचा प्लग काढूनच हे करावे.

४. आपल्या मोहल्ल्यातील एका मिस्त्रींना भेटा. मोटारीच्या दहा भागांची त्यांच्या तोंडची नावे आणि पुस्तकातील नावे यांचा तक्ता करा.

५. पालकांसाठी : घरच्या जुन्या गाडीची नोंदणी कोणाच्या नावे व कधीपर्यंत आहे, ते आजच पाहून ठेवा.